हिरवा सिग्नल लागला तरी आधी उजवीकडे पाहा: नागपुरात नव्यानं गाडी चालवणाऱ्यांसाठी

१९९८ साली माझं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा माझा सिग्नल हिरवा होता. स्कूटरवर ऑफिसला निघालो होतो. लाल जाऊन हिरवा लागला, तशी मी त्याच क्षणी गाडी सोडली. उजवीकडून लाल सिग्नल तोडून एक टेम्पो आला आणि मला स्कूटरसकट फेकून गेला. चूक त्याचीच होती, पंचनाम्यातही तसंच लिहिलं गेलं. पण सहा आठवडे हात गळ्यात बांधून मी बसलो. तेव्हा एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची: गाडी सोडण्याआधी एकदा उजवीकडे मान वळवली असती तर तो टेम्पो मला दिसला असता. चांगला पन्नास-साठ मीटरवरून येत होता तो.

तेव्हापासून मी गाडी वेगळ्या तऱ्हेनं चालवतो. याला डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणतात हे मला बरंच उशिरा कळलं. घरातली माणसं आपल्याला निघताना 'सांभाळून जा' म्हणतात. त्याचा अर्थ आपण 'हळू जा' एवढाच घेतो. मला इथे वेगळं सांगायचं आहे. रस्त्यावर दुसरा कोणीतरी चुकणारच, हे आधीच धरून चालायचं आणि त्याची चूक पचेल एवढी मोकळी जागा आपल्या गाडीभोवती सतत राखायची. पुढचं सगळं या जागेबद्दलच आहे.

गेल्या वर्षी माझी भाची वणीहून नोकरीसाठी नागपुरात आली, मिहानमध्ये, म्हणजे वर्धा रोडकडच्या औद्योगिक वसाहतीत. लायसन्स होतं, एक जुनी कार घेतली. क्लच, गिअर, रिव्हर्स सगळं तिला येत होतं. पण मानेवाड्याहून निघून वर्धा रोडला लागेपर्यंत तिचे हात घामानं भिजायचे. मग रविवारी मी तिच्या शेजारी बसू लागलो. तिला जे ज्या क्रमानं सांगितलं, ते इथे लिहितो आहे. दुचाकीवाल्यांसाठी काय वेगळं, ते त्या त्या ठिकाणी येईल.

पहिली पायरी: गाडी सुरू करण्याआधी

दर पंधरा दिवसांनी टायरची हवा तपासा, आणि ती टायर थंड असताना. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बाइकला बहुधा चेनच्या कव्हरवर. नागपुरात एक समज फार घट्ट बसला आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. हे नेमकं उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, त्या वाकण्यानं टायर आतून तापतो आणि तापलेला टायरच फुटतो. चालवून आल्यावर हवा मोजली तर आकडा जास्तच दिसणार. तो पाहून हवा काढू नका.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. घासून रबर त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. कारसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे.

सीट अशी ठेवा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. बाजूच्या आरशांत बहुतेक नवे लोक आपल्याच गाडीचं अर्धं दार पाहत असतात. आरसा बाहेर वळवा, आपल्या गाडीची जेमतेम एक कड दिसेल इतका. बाकीचा आरसा रस्त्यासाठी आहे. दुचाकीचे आरसे काढून टाकायची पोरांची जी सवय आहे, तिच्याबद्दल मला खरंच कळकळीनं सांगावंसं वाटतं: ते परत लावा. मागून कोण येतंय हे माहीत नसताना तुम्ही खड्डा चुकवायला जाता, आणि तिथंच घात होतो.

हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. घालून डोकं जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागे राहून फिरायला नको. पट्टा लावलेला हवा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच सैल. डबल सीट असाल तर मागच्यालाही हेल्मेट. कारमध्ये मागे बसलेल्यांनाही सीटबेल्ट, मग ती आजी असो की मूल. धडक बसली तर मागचा माणूस पुढच्या सीटवर येऊन आदळतो आणि पुढच्यालाही जखमी करतो.

दुसरी पायरी: नजर लांब टाका

नवा ड्रायव्हर बॉनेटच्या पुढे दहा फुटांवर पाहतो. त्यामुळे त्याला सगळं अचानक समोर आल्यासारखं वाटतं. दहा-बारा सेकंदांनी जिथे पोहोचणार तिथपर्यंत नजर हवी. ताशी ४० च्या वेगात हे अंतर सव्वाशे मीटरच्या आसपास येतं, म्हणजे पुढचा चौक दिसायला लागला की त्याचा विचार सुरू. मग नजर जवळ आणा, आरशांत टाका, पुन्हा लांब न्या. पाच-सात सेकंदांत एकदा मधला आरसा.

पाहायचं काय, हेही शिकावं लागतं. उभ्या असलेल्या कारच्या आत डोकं दिसतंय का? दिसलं तर दार उघडू शकतं. तिचं पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं आहे का? असेल तर ती निघणार आहे. उभ्या ट्रकच्या खालून पलीकडचे पाय दिसतात. गल्लीच्या तोंडावर चेंडू आला की मागून पोर येणार. सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यासमोर गाड्यांची रांग दिसली की धरून चाला, त्यातून एक तरी गाडी मागे न पाहता रस्त्यावर येणार. पुढचा ऑटो रिकामा असेल आणि चालक डावीकडे माणसं न्याहाळत असेल, तर त्याला हात दाखवणारा कोणी दिसताच तो जागच्या जागी ब्रेक मारेल. हे सगळं होण्याआधी दिसतं. भाचीला मी पहिले दोन रविवार गाडी चालवू न देता शेजारी बसवून फक्त हेच ओळखायला लावलं.

तिसरी पायरी: पुढे दोन सेकंद

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? फुटांत मोजायला गेलात तर चुकाल, सेकंदांत मोजा. पुढची गाडी एखाद्या विजेच्या किंवा मेट्रोच्या खांबापाशी पोहोचली की मनात म्हणा, 'एक हजार एक, एक हजार दोन'. हे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात तीन-चार सेकंद. रात्रीही तेवढेच.

दोन सेकंद ही कमीत कमी मर्यादा आहे, आणि ती का हवी हे आकड्यांत पाहा. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्या दीड सेकंदात ४० च्या वेगाची गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, ६० ची २५ मीटर आणि ८० ची ३३ मीटर. ब्रेक लागल्यावर थांबायला जे अंतर लागतं ते वेग दुप्पट झाला की चौपट होतं. म्हणून कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवरही एकूण अंतर ४० ला पंचवीस-तीस मीटर, ६० ला पन्नासच्या जवळ आणि ८० ला सत्तरच्या वर जातं. पन्नासच्या वेगात मोबाइलवर तीन सेकंद नजर गेली तर तुम्ही ४० मीटर रस्ता न पाहता कापलात.

भाचीची तक्रार होती, "मामाजी, जागा ठेवली की लगेच कोणी ना कोणी घुसून राहिलं नं मधात!" घुसतात, खरं आहे. मी तिला एके दिवशी मोजायला लावलं. मानेवाडा ते मिहान या पूर्ण प्रवासात चौदा जण मधे आले. प्रत्येकामागे पाय थोडा उचलून पुन्हा दोन सेकंदांचं अंतर करायचं, म्हणजे फार तर अठ्ठावीस सेकंदांचा तोटा. तेवढ्यासाठी पुढच्याच्या बंपरला चिकटून जाणं परवडतं का, ते तिनंच ठरवलं.

सिग्नलला थांबतानाही पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. पुढची गाडी बंद पडली तर बाजूनं निघता येतं आणि मागून कोणी धडकला तर तुम्ही पुढच्यावर जात नाही.

मागून कोणी चिकटून येत असेल तर वेग वाढवू नका आणि त्याला धडा शिकवायला ब्रेकही मारू नका. पुढची जागा वाढवा. मग तुम्हाला कधीच जोरात ब्रेक लावावा लागणार नाही आणि तो मागचाही वाचेल. जमेल तिथे त्याला पुढे जाऊ द्या.

चौथी पायरी: चौक

नागपूर हे चौकांचं शहर आहे. पत्तासुद्धा आपण चौकावरून सांगतो. रस्ते रुंद, सिमेंटचे, गुळगुळीत, त्यामुळे दोन चौकांच्या मधे वेग आपोआप वाढतो. पुण्याच्या किंवा मुंबईच्या गर्दीत जो वेग मिळतच नाही, तो इथे रोज मिळतो आणि तो घेऊनच माणूस चौकात शिरतो. म्हणून या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे.

सेकंद दाखवणाऱ्या सिग्नलवर एक गोष्ट नीट पाहा. लाल संपायला तीन सेकंद उरले की या बाजूचे लोक निघायला लागतात. हिरवा संपायला तीन सेकंद उरले की त्या बाजूचे लोक वेग वाढवतात. दोघांची गाठ चौकाच्या मधोमध पडते. माझं हाड मोडलं तेव्हा असे आकडे नव्हते, पण हिशेब हाच होता.

म्हणून हिरवा लागला की आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि मगच गाडी सोडा. उजवीकडे आधी का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे चौकात शिरताच सगळ्यात आधी आपल्यासमोर येते ती उजवीकडून येणारी वाहनं. या पाहण्याला दीड सेकंद लागतो. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

सिग्नल लांबून हिरवा दिसत असेल तर 'हा आता बदलणार' असं धरूनच जा. पाय एक्सलेटरवरून काढून ब्रेकच्या वर ठेवा, दाबू नका. पाय आधीच ब्रेकवर असला तर धोका दिसल्यावर थांबायला कमी अंतर लागतं.

मे महिन्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण सिग्नल बंद असला की चौक कोणाचाच नसतो. मग रुंद रस्त्यावरचा प्रत्येक जण आपलाच मान पहिला समजतो. अशा चौकात वेग वीसच्या आत आणा, ज्याच्या रस्त्यात जाणार आहात त्या चालकाच्या तोंडाकडे पाहा, त्यानं वेग कमी केलेला दिसला तरच पुढे जा. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्याला जाऊ द्यायचं.

उन्हाळ्यातलं आणखी एक. सिग्नलच्या तीस-चाळीस फूट आधी झाड असेल तर दुचाक्या त्या झाडाच्या सावलीत थांबतात. आपण स्टॉप लाइनपर्यंत रस्ता मोकळा समजून जातो आणि पुढे घोळका उभा. एप्रिल-मेमध्ये सिग्नलच्या आधी सावली दिसली की वेग कमी करा.

मेट्रोचे खांब. वर्धा रोडवर, हिंगणा रोडवर, कामठी रोडवर दुभाजकात खांबांची रांग आहे. वर्धा रोडवर तर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे, वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली रस्ता. या खांबांमागे एक पूर्ण माणूस लपतो, दुचाकीचं पुढचं चाक लपतं. दुभाजकात जिथे जिथे यू-टर्नची फट आहे, तिथे उजव्या बाजूला अगदी दुभाजकाला चिकटून जाऊ नका. एक लेन सोडून चाला म्हणजे खांबाआडून कोणी आलं तर तुमच्याकडे दोन-तीन मीटर असतील. उड्डाणपूल जिथे खाली उतरतो तिथेही असंच: वरून येणारा वेगात असतो, खालचा डावीकडून उजवीकडे यायच्या घाईत असतो, आणि दोघांना एकमेकांचा अंदाज नसतो. तिथे लेन बदलू नका, आधी सरळ जा आणि पुढे शंभर मीटरवर बदला.

राँग साइड येणारे. यांच्यावर राग येतो, मलाही येतो. पण तुम्ही गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळत असाल तर फक्त उजवीकडे पाहून भागत नाही. डावीकडूनही कोणीतरी येत असतं, रस्त्याच्या कडेनं, बहुधा मोबाइल कानाला लावून. दोन्हीकडे पाहा, दरवेळी. आणि ई-रिक्षा: आवाज नाही, वळताना इंडिकेटरची खात्री नाही, मधेच थांबते. तिच्या मागे तीन सेकंद ठेवा.

समोरच्यानं लाइट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतो आहे, तू थांब' असा असतो. 'तू ये' असा समजून वळू नका.

पाचवी पायरी: मोठ्या गाड्यांपासून दूर

ट्रकच्या किंवा बसच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. एवढं एक लक्षात ठेवलं तरी दुचाकीवाल्यांचे कितीतरी जीव वाचतील. सगळ्यात वाईट जागा ट्रकच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. ट्रक डावीकडे वळताना त्याचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत कापत येतं आणि कडेला उभ्या दुचाकीला ओढून घेतं. चौकात डावीकडचा इंडिकेटर लावलेल्या ट्रकच्या डावीकडून कधीच घुसू नका. मागे थांबा.

कळमना मार्केट, कोराडीकडचा रस्ता, बुटीबोरी, वाडी या बाजूंना जाणार असाल तर हे रोजचं आहे. ट्रकच्या मागे अंतर जास्त ठेवा, म्हणजे त्याच्या पलीकडचा रस्ता दिसेल. ओव्हरटेक उजवीकडूनच, आणि सुरू केल्यावर बाजूला रेंगाळू नका. संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामात काटोल रोडला, उमरेड रोडला रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. त्यांना मागे दिवा असेलच असं नाही. अंधारात तुमच्या दिव्याचा उजेड जिथवर जातो तिथवर थांबता आलं पाहिजे, तोच तुमचा वेग. समोरून गाडी आली की डिपर द्या, आणि त्याच्या दिव्यांकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवा.

सहावी पायरी: नागपूरचे ऋतू

ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं की माणसाचं लक्ष टिकत नाही. पाणी कमी पडलं की चिडचिड होते, प्रतिसाद मंदावतो. निघण्याआधी पाणी प्या. तोंडाला दुपट्टा बांधता ते बरोबरच आहे, पण डोळ्यांच्या बाजू झाकल्या जाणार नाहीत असा बांधा आणि हेल्मेट त्याच्यावरून घट्ट बसतंय का पाहा. जाड कापडामुळे हेल्मेट सैल बसत असेल तर पातळ सुती कापड घ्या.

पहिला पाऊस सगळ्यात घसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगतात. पहिल्या अर्ध्या तासात शक्य असेल तर थांबा. सिमेंट रस्त्यांची आपल्याकडे एक खास अडचण आहे. रस्ता उंच आणि बाजूचा गट्टूंचा किंवा मातीचा भाग खाली, मधे तीन-चार इंचांची कड. दुचाकीचं चाक त्या कडेवरून तिरपं उतरलं की पडणं आलंच. उतरावंच लागलं तर वेग अगदी कमी करा आणि कड शक्य तेवढी काटकोनात ओलांडा. दोन सिमेंटच्या पट्ट्यांमधली जी लांब फट असते, तिच्यातही अरुंद टायर अडकतो. पाणी साचलेल्या जागी खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून पुढचं वाहन कुठून जातं ते पाहून जा.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस नायलॉन मांजाचा धोका असतो. मांजावर बंदी आहे, तरी तो येतो. गळे कापले गेल्याच्या बातम्या नागपूरनं दरवर्षी वाचल्या आहेत, संक्रांतीला उड्डाणपुलांवरची वाहतूक बंद ठेवायची वेळही इथे आलेली आहे. दुचाकीवर असाल तर गळ्याभोवती जाड मफलर किंवा कॉलर घ्या, हेल्मेटची काच खाली ठेवा, पुलावर जाऊ नका, हँडलला मांजा अडवणारी उभी तार बसवून घ्या. लहान मुलाला पुढे उभं करून नेऊ नका. हा शेवटचा मुद्दा मी हात जोडून सांगतो.

डिसेंबरमध्ये अधिवेशन असतं. राज्यभरातल्या गाड्या येतात, त्यांच्या चालकांना आपले रस्ते माहीत नसतात. एमएच ३१, ४० किंवा ४९ सोडून दुसरा नंबर दिसला की तो फलक वाचायला एकदम थांबू शकतो, हे धरा.

सातवी पायरी: शहराबाहेर

समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो आणि ७०१ किलोमीटर जातो. कारला वेगमर्यादा १२० आहे, दुचाकीला तिथे परवानगी नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्या रस्त्यावर एकट्यानं जाऊ नका असं माझं मत आहे. रस्ता चांगला आहे, तीच अडचण आहे: तासन्‌तास सरळ, वळण नाही, चौक नाही, डोळे उघडे असून डोकं झोपतं. दर दोन तासांनी उतरा. झोप येत असताना काच उघडणं, गाणी मोठी करणं याचा उपयोग काही मिनिटांपुरताच असतो. विश्रांतीच्या जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं झोपा. पहाटे तीन ते सहा गाडी हाकू नका. निघण्याआधी टायर पाहा, १२० च्या वेगात जुन्या टायरला माफी नाही. टायर फुटलाच तर ब्रेकवर उडी मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ घट्ट धरा, एक्सलेटर हळूहळू सोडा आणि वेग उतरल्यावर कडेला घ्या. गाडी बंद पडली तर सगळ्यांनी उतरून कठड्यामागे जायचं. लाल त्रिकोण शंभर पावलं मागे ठेवायचा. गाडीत बसून मदतीची वाट पाहायची नाही.

मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर प्राण्यांसाठी खालून वाटा केल्या आहेत, पण काटोल, उमरेडकडच्या रस्त्यांवर सगळीकडे तशी सोय असेलच असं नाही. तिथे संध्याकाळी आणि पहाटे रोही म्हणजे नीलगायी, रानडुकरं आडवी येतात. एक गेली की मागून दुसरी येणार असं धरून थांबा. प्राणी चुकवायला स्टिअरिंग झटक्यानं फिरवू नका, गाडी उलटते. सरळ रेषेत ब्रेक लावा. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथर जाणवेल, ती ब्रेक बिघडल्याची नव्हे.

आठवी पायरी: स्वतःचं डोकं

मोबाइल मागच्या सीटवर, आवाज बंद करून. दारू घेतली असेल तर किल्ली दुसऱ्याकडे. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण 'मर्यादेत आहे' हा हिशेब प्यायलेल्या माणसानं करायचा नसतो. कोणी कट मारला, शिवी दिली, तर काच वर करा. त्याच्या मागे लागलात की तुमची दोन सेकंदांची जागा गेलीच.

आणि रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. गाडी सुरक्षित जागी लावा, १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. महामार्गावर १०३३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुमचं नाव-गाव सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही. मान-पाठीला मार असेल तर जखमीला उगाच हलवू नका, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. १९९८ मध्ये मला रस्त्यावरून उचलणारा एक भाजीवाला होता. पोलिसांच्या भीतीनं तो नाव न सांगता निघून गेला. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

सरावाचे रविवार

गाडी हातात घेतल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला निघा, मानेवाडा चौक ते तुकडोजी पुतळा, जाऊन-येऊन तीनदा. जे दिसतं ते मोठ्यानं बोलत चालवा. भाची अशी बोलायची: "डावीकडे ऑटो उभा आहे, आत माणूस आहे. पुढे कुत्रं रस्ता ओलांडून राहिलं, पाय उचलला. आरसा पाहिला, मागे बाइक. सिग्नल हिरवा आहे, बदलेल. पाय ब्रेकवर." बोलायला लागलं की नजर आपोआप शोधायला लागते, आणि जे तोंडात आलं नाही ते दिसलं नव्हतं हे शेजारच्याला लगेच कळतं. लाज वाटते पहिली दहा मिनिटं.

दुसऱ्या रविवारी तोच रस्ता सकाळी दहाला. तिसऱ्या रविवारी रिंग रोड, ट्रक चालू असताना. चौथ्या रविवारी वर्धा रोड, पुलावरून जाताना आणि खालून येताना, मेट्रोचे खांब मोजत. पाऊस आला तर सराव रद्द करू नका, शेजारी जाणता माणूस घेऊन पावसातच निघा.

संध्याकाळी सात वाजताच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, या सगळ्यांनंतरच. भाचीला तिथे न्यायला मला आठवा रविवार लागला. व्हेरायटी चौकात हिरवा लागला, मागे तीन हॉर्न वाजले, आणि ती उजवीकडे पाहत होती.